पेरूला औषध नाही

मुकुंदकाका राऊत भेटले की नमस्कार करत नाहीत. ते डोळ्याखालची पापणी ओढतात. स्वतःची नव्हे, समोरच्याची. तुम्ही रिक्षातून उतरून पिशव्या सावरत असता, तेवढ्यात एक उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे येतो, अंगठा तुमच्या डोळ्याखाली टेकवतो, पापणी हलकेच खाली ओढतो, आतला रंग बघतो आणि सोडून देतो. मग म्हणतो, "केळफूल. चांगला हाय." आणि चालू लागतो. पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला हे येतं तो माणूस बराच वेळ तिथंच उभा असतो.

बायकांच्या बाबतीत काका मर्यादा पाळतात. ते दोन हात लांब थांबतात आणि सांगतात, "बाय, तूच ओढ खाली. मी अटनं बघतो." मग भर बाजारात, कोळणीच्या पाटीसमोर, आपण आपलीच पापणी ओढून आभाळाकडे बघत उभ्या. कोळीण हातातला कोयता थांबवून बघते. पापलेट राहतं बाजूला.

हा सगळा प्रकार मेंढ्यांमुळे आहे, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की वसईजवळच्या आमच्या सांडोरातली माणसं अशीच असतात. तसं नाही. बाकीचे लोक केळी आणि भाजीपाला लावतात, नोकरीला जातात, वेळेवर जेवतात. मुकुंदकाका आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक जास्वंदीचं कुंपण आहे. मेंढ्या मात्र इथं नाहीत, त्या तिकडे पूर्वेला चांदीपच्या शेतावर. काका रोज सकाळी जुनी स्कूटर घेऊन जातात आणि संध्याकाळी मेंढ्यांचा वास घेऊन परत येतात.

मेंढीच्या पोटात एक जंत होतो. सुतासारखा बारीक, आणि रक्त पिणारा. पावसाळ्यात ओल्या गवताच्या पात्यावर त्याची पिल्लं चढून बसतात, मेंढी गवत खाते आणि जंत पोटात जातो. रक्त कमी झालं की पापणीची आतली बाजू फिकी पडते. ती बघून कुठल्या मेंढीला औषध द्यायचं ते ठरवतात. त्यासाठी रंगांचं एक छापील कार्ड मिळतं. काकांकडेही होतं. ते एका कोकराने खाल्लं. त्या कोकराचं नाव ठकी.

कार्ड गेल्यावर काकांनी आपल्याच वाडीतून रंग जमवले. जास्वंद म्हणजे ठणठणीत. केळफूल म्हणजे चांगलं. त्याखाली पेरू, तो आतून गुलाबी असतो तो. मग जांब, म्हणजे आमच्याकडचं ते पांढुरकं, पाणीदार फळ. जांब दिसला की औषध. सर्वांत शेवटी मोगरा, आणि मोगऱ्याबद्दल काका बोलत नाहीत. खरी गंमत पेरूची. पेरू म्हणजे धड आजारी नाही आणि धड बरं नाही. "पेरूला औषध नाय," काका बजावतात. "पेरूवर लक्ष ठेवायचं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या आळीत आता कुणी 'बरं वाटत नाही' असं म्हणत नाही. माझ्या सासूबाईसुद्धा सकाळी उठून सांगतात, "आज मी जरा पेरू आहे, भाकऱ्या तू टाक."

काकांचं निदान नेहमी बरोबर येतं असं मात्र समजू नका. पलीकडच्या इनासच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, अंगणात मांडव होता, आणि नवे फादर सगळ्यांशी प्रेमाने हात मिळवत होते. काकांनी हातात हात दिला आणि दुसऱ्या हाताने फादरांची पापणी ओढली. "जांब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून चर्चच्या बंगल्यावर शेवग्याचा पाला पोचू लागला. रोज एक जुडी. फादर शहरातून आलेले, भिडस्त, त्यांनी बरेच दिवस निमूटपणे पाला खाल्ला. शेवटी रक्त तपासून घेतलं, तर रिपोर्ट अगदी उत्तम. काकांना मी तो सांगितला तेव्हा ते जराही वरमले नाहीत. "मांडवात ट्यूबलाइट होती," ते म्हणाले. "ट्यूबलाइटखाली बघायचं नसतं. माझीच चूक." आणि पाला चालूच ठेवला.

माझ्यावर काकांचा विशेष लोभ आहे आणि तो पूर्णपणे गैरसमजावर उभा आहे. माझं माहेर फलटणकडचं. लग्न होऊन मी सांडोरात आले, पुढे काकांना मेंढ्यांचं वेड लागलं आणि त्या दिवसापासून मी त्यांची तज्ज्ञ झाले. "ही देशावरची," ते पाहुण्यांना सांगतात, "हिला मेंढरातलं सगळं कळतं." मी मेंढ्या फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिल्या आहेत. त्याही रस्ता अडवलेल्या. वडील पोस्टात होते, आमच्या घरात मांजरसुद्धा नव्हतं. हे मी काकांना अनेकदा सांगितलंय. ते ऐकतात, हसतात, मान हलवतात आणि विचारतात, "मग ह्या मेंढ्याच्या शिंगांबद्दल तुझं काय मत?"

काकांनी उभा जन्म औषधांच्या कारखान्यात काढला. गोळ्यांच्या पट्ट्यांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम होतं. आणि तेच काका निवृत्त झाल्यावर औषधाच्या विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. कळपातल्या सगळ्या मेंढ्यांना सारखं औषध पाजत राहिलं की हळूहळू जंतांना त्याची सवय होते. "जंत शहाने होतात आनि मेंढी ढ राहते," असं ते म्हणतात. त्यापेक्षा जी मेंढी पोटात जंत असूनही तगते ती ठेवायची, तिची पिल्लं वाढवायची, त्यातली तगणारी पुन्हा ठेवायची. असं करत करत एक दिवस वसईच्या पावसात औषधाशिवाय राहील अशी लोकरीची मेंढी तयार होईल. देशावरच्या कोरड्या माळावरचं जनावर, आणि ते आमच्याकडे, जिथं जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा बुरशी येते! मी एकदा विचारलं, "पण काका, हवीय कुणाला अशी मेंढी?" ते म्हणाले, "मना हवी."

मेंढा निवडायची त्यांची रीत तर बघण्यासारखी आहे. कुसुमकाकींचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, एक पितळी मसाल्याचा डबा होता. त्यातल्या वाट्यांमध्ये आता वेगवेगळ्या मेंढ्यांच्या लेंड्या असतात. काका मिठागरातलं जाडं मीठ पाण्यात विरघळवतात, त्यात लेंडी कुस्करतात, जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, ती काचेवर घेऊन शाळेने मोडीत काढलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ज्याच्या लेंडीत अंडी सर्वांत कमी तो त्या वर्षीचा नवरदेव. मोहरीच्या वाटीतला राजा आणि हळदीच्या वाटीतला सरदार यांच्यात एकदा फार अटीतटीची झाली होती. आम्ही चहा प्यायला गेलो की डबा टेबलावरच असतो. माझ्या नवऱ्याने एकदा बोलता बोलता हात घातला होता, बडीशेप समजून. तेव्हापासून तो त्यांच्याकडे चहा घेत नाही.

हीच रीत काका माणसांनाही लावतात. माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला होता. पोहे झाले, पगार झाला, विरारला फ्लॅट आहे हेही झालं. काका आमच्यातर्फे वडीलधारे म्हणून बसले होते. ते इतका वेळ गप्प होते आणि मग एकदम म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. पन पोरगा पावसाळ्यात कसा राहतो?" मुलाकडच्यांना वाटलं फ्लॅट गळतो का विचारतायत. त्यांनी टेरेसवरच्या पत्र्याची माहिती दिली. लग्न झालं, पण काकांचं मत अजून राखून ठेवलेलं आहे. "पावसाळ्यात बघू," हे त्यांचं कुठल्याही गोष्टीवरचं उत्तर. नवा रस्ता, नवा नगरसेवक, नवा जावई, सगळ्यांना एकच.

याची सुरुवात काकांनी केली नाही, काकींनी केली. भात कापून झालं की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली येतात. चांदीपच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची जुनी पद्धत आहे. पाऊस यायच्या आधी ते परत वर चढतात. एका वर्षी म्हाळू धनगराची एक मेंढी पायाने अधू झाली होती. "ही काय घाट चढत न्हाई," म्हाळू म्हणाला, "आन् हितं ऱ्हायली तर पावसात मरंल. कापून खावा." काकींनी मेंढी ठेवून घेतली. गंगी नाव ठेवलं. खालची ओल लागू नये म्हणून गोठ्यात बांबूचा उंच माच बांधून घेतला. गंगी त्या पावसाळ्यात मेली नाही, पुढच्याही नाही. म्हाळू दरवर्षी येऊन तिच्याकडे भूत पाहिल्यासारखा बघायचा. काकांचं कुतूहल तिथून जागं झालं आणि मग ते आवरेना.

तेव्हापासून लोकर म्हाळूबरोबर घाटावर जाते आणि पुढच्या हिवाळ्यात घोंगडी होऊन परत येते. आमच्या भागात कुणाचंही लग्न असो, काकांचा आहेर घोंगडीच. वसईच्या मे महिन्यात काळीभोर, अंगाला टोचणारी घोंगडी! नवीन नवरी ती हातात धरते आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसते. आमच्या घरात चार आहेत. एक वॉशिंग मशीनवर घालते, बाकीच्या माळ्यावर.

कळपाचा नियम कडक. काकांचं पहिलं म्हणणं होतं की ज्या मेंढीला औषध लागलं ती त्याच दिवशी कळपाबाहेर, थेट बाजारात. काकी म्हणाल्या, "एकदा आजारी पडनं माफ. मानसाला पन माफ असतं." त्यावर दोघांची खूप वादावादी झाली, मी कुंपणातून ऐकली. शेवटी काकींचं चाललं. पहिलं औषध माफ, दुसऱ्या औषधाला बाहेर. तेव्हापासून एकाही मेंढीसाठी तो नियम मोडलेला नाही.

काकींना जाऊन तीन पावसाळे झाले. कसलंसं हृदयाचं दुखणं होतं, फार वेळ मिळाला नाही. त्याआधीच्या थंडीत गंगीच्या नातीला कोकरू झालं आणि आई दूध देईना. काकी ते सांडोरला घेऊन आल्या आणि बाटलीने वाढवलं. तीच ठकी. तिने काकांचं रंगांचं कार्ड खाल्लं, माझ्या दोन ओढण्या खाल्ल्या, इनासच्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातलं खरं गवत खाल्लं. काकींच्या मागे मागे स्वयंपाकघरात जायची. मोठी झाल्यावर चांदीपला गेली, पण अजूनही माणूस दिसलं की कळप सोडून धावत येते.

गेल्या श्रावणात ठकी व्याली आणि खंगली. तिला औषध द्यावं लागलं. तिची माफी तेव्हाच संपली होती. हे मला ठाऊक होतं, काकांना तर होतंच, आणि या वर्षी पाऊस सुरू झाल्यापासून आम्ही दोघेही ठकीचं नाव काढत नव्हतो.

गणपती गेले आणि एके सकाळी काका कुंपणाशी आले. "बाय, चांदीपला येतेस? एक मेंढी बघायची." मी म्हटलं, काका, मला त्यातलं काही कळत नाही. ते नेहमीसारखे हसले नाहीत. "रंग कळतो ना तुना?" ते म्हणाले. "तेवढंच पायजे."

आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. काका मागे बसून प्रत्येक वळणाला ब्रेक दाब म्हणत होते. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, शेतं हिरवीगार. शेतावर राहणारा रामा एका मेंढीला कानाला धरून घेऊन आला. काकांनी आमच्याकडे पाठ केली आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. "नाव सांगू नको," ते म्हणाले. "रंग सांग फकत."

नाव कशाला सांगायला हवं होतं? मेंढीने येताक्षणी माझी ओढणी तोंडात घेतली. मी ती सोडवली नाही. तिची पापणी खाली ओढली, उन्हाकडे वळवली आणि बघितलं. जांब होता. त्यातही मोगऱ्याकडे झुकलेला. एक शब्द खोटा सांगितला की पुरे होतं. पेरू म्हटलं असतं तर ठकी राहिली असती, आणि काकांनी दुसऱ्यांदा बघितलं नसतं हेही मला दिसत होतं.

"बाय," काका पाठमोरेच म्हणाले, "खरं सांग. मना गेला महिनाभर पेरूच दिसतो. बाकी सगळ्यांचा रंग बरोबर दिसतो, हिचाच चुकतो. म्हनून तुना आनलं. तिला जपायचं म्हनून मी खोटं बघतोय आनि ती तिकडे सुकते हाय."

"जांब आहे, काका," मी म्हटलं.

त्यांनी बाटली आणली. ठकीचं तोंड वर धरून औषध पाजलं, घसा चोळला, ते उतरलं का बघितलं. रामाने दबक्या आवाजात विचारलं, "मंग काका, बाजाराची गाडी...?" काका म्हणाले, "नियम हाय." आणि हात धुवायला गेले.

परत येताना ते एकदाही ब्रेक दाब म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बायकोने बाटलीने वाढवलेलं जनावर, आणि हा माणूस नियम सांगतो! रात्रीची आमटी खारट झाली आणि घरात कुणी का म्हणून विचारलं तर मी सगळ्यांवर उखडले. मेंढ्यांच्या त्या वेडापायी माणूस कोरडा होतो, असं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तू आता खरंच देशावरच्यासारखी बोलायला लागलीस."

त्या आठवड्यातच एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडून बें ऐकू आलं. वाकून बघते तर काकांच्या केळीत ठकी. गळ्यात सैल दोरी, तोंडात आमच्याच जास्वंदीची फांदी. काका तिच्याजवळ उकिडवे बसले होते.

"काका, हे काय? नियम?"

"कळपातनं काढली की," काका म्हणाले. "नियमात तेवढंच हाय. घरातनं काढा असं कोन बोललं?"

"आणि पिल्लं?"

"आता हिला नवरा नाय द्यायचा. हिचं रक्त कळपात नाय जायचं. ते चुकवलं तर इतक्या वर्षांचं सगळं फुकट." त्यांनी तिच्या पाठीवरची लोकर बोटांनी विंचरली. "तिला अटेच ठेवायची. घरात आवाज तरी होतो."

मग त्यांनी तिची पापणी बघितली आणि मलाही बघायला लावली. रंग जरा परतला होता. सवयीने त्यांनी मला खूण केली, मी माझी पापणी ओढली, त्यांनी लांबून बघून "केळफूल" म्हटलं. आणि माझ्या मनात आलं ते मी तसंच विचारलं. "काका, तुमचा कोण बघतं?"

काका दोरीची गाठ नीट करत राहिले. "कुसुम बघायची," ते म्हणाले. "रोज सकाळी. हा आजार लागला होता ना मना, सगळ्यांचे डोळे ओढायचा, तेव्हा ती म्हनाली आधी तुमचा दाखवा. चहा द्यायच्या आधी बघायची. केळफूल असेल तरच साखर."

"आणि आता?"

"आरशात बघून कळत नाय," काका म्हणाले. "ओढलं की डोळ्यात पानी येतं, रंग दिसत नाय."

मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. "चष्मा काढा," मी म्हटलं. काकांनी चष्मा काढला. वसईत इतक्या माणसांचे डोळे ओढणारा हा माणूस, मी अंगठा टेकवला तेव्हा ठकीसारखाच मान ताठ करून उभा राहिला. त्यांचा गाल खरखरीत होता. या चेहऱ्याला किती दिवसांत कुणाचा हात लागला नसेल, असं वाटून मला भरून आलं. मी पापणी खाली ओढली, त्यांना उन्हाकडे वळवलं आणि नीट बघितलं. या वेळी खोटं बोलायची गरज नव्हती.

"पेरू," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. ट्यूबलाइट नाही, ऊन आहे."

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? पेरूला औषध नाही. लक्ष ठेवायचं."

त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि ठकीला घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. खिडकीतून बाहेर बघितलं तर कुंपणाशी काका उभे होते, उन्हाकडे तोंड करून, चष्मा हातात घेऊन.